चव्वेचाळीस पॉइंट एक

रविवार, २ मार्च

डॅक आला. मुकेशनं उल्हासनगरहून स्वतः सोनिवलीला आमच्या घरी आणून दिला. त्याचं तिथल्या कॅम्पमध्ये स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरचं दुकान आहे आणि आमच्या गायन पार्टीचे माइक गेली कित्येक वर्षं तोच दुरुस्त करतो. "साईं, अब आपको जो सुनाई देगा ना, वो बजानेवाले को भी मालूम नहीं होगा," असं म्हणून चहा पिऊन गेला.

साबणाच्या वडीएवढा डबा बघून वृंदानं नाक मुरडलं. मी तिला समजावून सांगितलं. लॅपटॉपमध्ये गाणं म्हणजे नुसते आकडे असतात. हा डबा त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करतो. फोनमध्येही असा एक असतो, पण तो हलका, त्यात निम्मं गाणं मरतं. ती चपात्या लाटत होती. म्हणाली, "मग इतके दिवस आपण मेलेलं ऐकत होतो?" बायकोला टिंगल सुचते, शिकायचं सुचत नाही.

सॉफ्टवेअर अपसॅम्पलिंग करणारं आहे. सीडीवर सेकंदाच्या आवाजाचे चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे केलेले असतात. जाणकार त्याला नुसतं चव्वेचाळीस पॉइंट एक म्हणतात. हे सॉफ्टवेअर त्या तुकड्यांच्या मधल्या जागा हिशेबानं भरून काढतं, सोळापट करतं, आणि मग डॅकच्या हवाली करतं.

पहिली सीडी अर्थात आमचीच लावली. पंधरा वर्षांपूर्वी कल्याणला काढलेली. 'महेंद्र आणि पार्टी', मुख्य गायक मी. कडवं उचलायच्या आधी मी घेतलेला श्वास आज ऐकू आला. तो कोणाचा श्वास आहे ते क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला.

सीडी निघाल्यावर थोड्याच दिवसांत आनंदनगरच्या कारखान्यात कंपनीनं मला सॉल्व्हंटच्या सेक्शनला टाकलं. त्या वाफांत घसा गेला तो गेलाच. तेव्हापासून वृंदा पुढे बसते आणि मी मागे मिक्सरवर. पण सूर कोणाचा कुठे आहे हे आजही मीच सांगतो. ढोलकीवाले किसनदादा पार्टीत सगळ्यांत मोठे. ते म्हणतात, महेंद्राचा कान म्हणजे पार्टीचा कान.

गुरुवार, ६ मार्च

ऑडिओवाल्यांच्या ग्रुपवर आहे मी. पुण्याच्या एकानं आज सांगितलं की सॉफ्टवेअरमधलं 'ऑटो' बंद करा. ते चालू असलं की प्रत्येक फाइलला किती तुकडे आहेत ते सॉफ्टवेअर स्वतःच तपासत बसतं आणि तेवढा आवाज गढूळ होतो. आपण आकडा भरायचा आणि कुलूप लावायचं.

ऑटो बंद केलं. मूळ आकडा म्हणून चव्वेचाळीस पॉइंट एक भरला. माझी सीडी पुन्हा ऐकली. फरक आहे. पेटी माझ्या उजव्या हाताला बसल्यासारखी वाटली. वृंदाला विचारलं, तिला काही फरक जाणवला नाही. तिच्याकडून अपेक्षाही नव्हती.

रविवार, ९ मार्च

बुद्ध पौर्णिमेला बदलापूरच्या मैदानावर मोठा कार्यक्रम आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, वांगणी, सगळीकडच्या गायन पार्ट्या येणार. आमच्या वाट्याला शेवटची जागा आली आहे, म्हणजे मानाची. तयारी कितपत आहे ते बघावं म्हणून मुकेशचा हातातला रेकॉर्डर मागून घेतला आणि सकाळी समाजमंदिरात तालमीत लावला. वृंदानं नवीन गाणं म्हटलं. मंडळी खूश. ठमाबाई आमच्याकडे कोरसला असतात, चामटोलीच्या. त्यांनी तर डोळे पुसले.

दुपारी फाइल लॅपटॉपमध्ये घेतली आणि ऐकायला बसलो.

कसं लिहू. वृंदाचा आवाज उतरलाय. जड, भरडा, दमलेल्या बाईचा. शब्द ओढत ओढत येतात. सकाळी समाजमंदिराच्या पत्र्याखाली जे छान वाटलं ते इथे उघडं पडलं. आणखी एक गोष्ट उघडी पडली. पेटी आमच्या नेहमीच्या काळी चार पट्टीत नाहीच. काळी तीन आणि पांढरी पाचच्या अधेमधे कुठेतरी आहे. म्हणजे एक तर पेटीचे सूर बिघडलेत, नाहीतर वृंदाला वर पोचवत नाही म्हणून त्यांनी मला न सांगता पट्टी उतरवून घेतली. लयही ढिली.

तिला बोलावून ऐकवलं. ती उभ्या उभ्या ऐकत होती, मग खाली बसली. म्हणाली, "मी एवढं हळू नव्हते म्हणत." मी म्हटलं, आपलाच आवाज बाहेरून ऐकला की प्रत्येकाला असंच वाटतं. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा लावायला मात्र नको म्हणाली.

इथे खोटं कशाला लिहू. वाईट वाटलं. पण त्याच्या खाली कुठेतरी हलकंही वाटलं. ते का, याचा विचार करायला आज डोकं जागेवर नाही.

बुधवार, १२ मार्च

ज्येष्ठमध आणून दिला. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गुळण्या करायला सांगितल्या. थंड पाणी बंद. ती सगळं निमूट करते. पेटी तपासली, पेटी काळी चारला चोख आहे. म्हणजे पट्टी उतरवली हेच खरं. पेटीवाल्याला फोन केला तर तो शपथेवर नाही म्हणतो. एकमेकांना सांभाळून घेताहेत, दुसरं काय.

रविवार, १६ मार्च

पार्टीला घरी बोलावलं. मी एकट्यानं निर्णय घेतला असं उद्या कोणी म्हणायला नको. खुर्च्या मांडल्या, पंखा बंद केला, आधी माझी सीडी लावली आणि मग वृंदाची फाइल. एकाच मशीनवर, एकाच व्हॉल्यूमवर. याहून निःपक्ष काय असतं?

किसनदादा स्वतःच्या बोटांकडे बघत होते. "माझी ढोलकी एवढी ढिली पडली का रे महेंद्रा?" त्यांच्या वयाचा मान ठेवून मी फाइल पुढे चालू ठेवली. गाण्याच्या शेवटी कोणीतरी खोकलंय, जाडाभरडा पुरुषी खोकला. मी विचारलं, हा कोण? ठमाबाई म्हणाल्या, "मीच खोकलं व्हतं. पर माझा खोकला असा कुटं हाय?" सगळे हसले. तेवढंच हसणं झालं.

पायल म्हणजे किसनदादांची पुतणी, आमच्याच कोरसला, कॉलेज संपवून आता अंबरनाथला नोकरीला आहे. गळा कोवळा आहे पण वर जातो. वृंदाच्या जागी पुढे बसायला तिचं नाव मी काढलं नाही, किसनदादांनी काढलं. म्हणजे मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी काढलं. पायल नको नको म्हणत होती. तेव्हा वृंदाच स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "पायलला द्या. मी मागे बसते."

मोठ्या मनानं बोलली. मी तिला नंतर तसं सांगितलंही. ती कपबशा विसळत होती, पाण्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं.

शनिवार, २२ मार्च

वृंदाला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. नळी घालून बघितलं. म्हणाले घसा स्वच्छ आहे, काही झालेलं नाही, वयाच्या मानानं उत्तम. त्यांना गाण्यातलं काय कळणार. बाहेर आल्यावर वृंदा म्हणाली, "बघा, काही नाही म्हणाले." मी म्हटलं, डॉक्टर घसा बघतात, सूर नाही बघत.

रविवार, ३० मार्च

एक लिहून ठेवतो. आज सकाळी भांडी लावताना ती स्वतःशी गुणगुणत होती, ते मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं. आवाज चांगला वाटला. पूर्वीसारखाच. उठून पेटीवर पट्टी धरून बघितली तर काळी चारच. दोन मिनिटं गोंधळलो. मग लक्षात आलं की स्वयंपाकघराला वरपर्यंत टाइल्स आहेत. टाइल्समध्ये कोणाचाही आवाज गोल होतो, बाथरूममध्ये सगळेच गवई असतात. पेटीवर मी सूर धरलाय हे तिला ऐकू गेलं आणि ती गायची थांबली. कान फसतात म्हणून तर मशीन घेतलं.

मंगळवार, ८ एप्रिल

ती हल्ली गुणगुणतसुद्धा नाही. मी म्हटलं कोरससाठी तरी रियाज ठेव. म्हणाली, कोरसला काय लागतं, सगळ्यांच्या आवाजात आपला मिसळून जातो. घर शांत आहे. मला ऐकायला शांतता लागते हे खरं, पण ही शांतता जरा जास्तच आहे.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना, संध्याकाळी चौकात आमचा कार्यक्रम. पायल बरी गायली, घाबरली होती. वृंदा मागच्या रांगेत ठमाबाईंच्या शेजारी. पांढऱ्या साडीत छान दिसत होती, पण ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. मी मिक्सरवर तिचा माइक उघडून बघितला. त्यात ठमाबाई होत्या, ती नव्हती. ती नुसते ओठ हलवत होती.

खाली उतरल्यावर बायका विचारायला लागल्या, वृंदाताई का नाही गायल्या? तिनं सांगितलं, घसा धरलाय. माझं नाव घेतलं नाही. हे मला बरं वाटलं आणि टोचलंही.

रविवार, २० एप्रिल

हे लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो.

सकाळी तालमीत पायलचं गाणं रेकॉर्ड केलं, त्याच रेकॉर्डरवर. दुपारी किसनदादा आणि पायल ऐकायला घरी आले. फाइल लावली. पायलचा आवाज पन्नाशीच्या बाईचा. जड, ओढलेला, पेटी काळी चारच्या खाली. पायल रडकुंडीला आली. मी लगेच म्हटलं, "थांब, घाबरू नकोस. मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे. बावीस वर्षांच्या पोरीचा आवाज असा असूच शकत नाही."

फाइलची माहिती उघडली. चहा निवायच्या आत सापडलं. रेकॉर्डर सेकंदाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे करतो. मी सॉफ्टवेअरला चव्वेचाळीस हजार शंभर सांगून कुलूप लावलं होतं. त्यामुळे एका सेकंदात वाजायला हवे तेवढे तुकडे वाजतच नव्हते, उरलेले पुढच्या सेकंदात जात होते. गाणं लांबत होतं आणि सूर खाली येत होता. सीडी चव्वेचाळीसचीच, म्हणून माझा आवाज तेवढा बरोबर वाजत होता. ऑटो चालू असतं तर काहीच झालं नसतं.

ऑटो चालू केलं. पायलचा आवाज मोत्यासारखा स्वच्छ आला. किसनदादांनी ढोलकी ऐकून मांडीवर थाप मारली. मीही खुशीत होतो, पंधरा मिनिटांत दोष हुडकून काढला म्हणून. खरंच त्या क्षणी मला दुसरं काही आठवलं नाही.

मग बघितलं तर वृंदा रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "माझं लावा."

लावलं. काळी चार. लय घट्ट. आवाज सरळ वर गेला आणि तिथे थांबला, डगमगला नाही. शेवटी ठमाबाई खोकल्या, बाईसारख्या. पायल खाली मान घालून बसली होती. किसनदादांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात धरला.

वृंदानं ट्रे टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही.

"पायलचा आवाज उतरलेला ऐकलात तर मशीन तपासलंत. माझा ऐकलात तर मला तपासलंत. डॉक्टरकडे नेलंत, चारचौघांत ऐकवलंत, पण त्या डब्यावर एकदा संशय घेतला नाही."

मी म्हटलं, चूक तांत्रिक होती.

"ती त्या डब्याची. तुमची वेगळी," ती म्हणाली आणि आत गेली.

सोमवार, २१ एप्रिल

कंपनीतून मुकेशला फोन केला, त्याच्यावर चिडलो. रेकॉर्डर अठ्ठेचाळीसवर आहे हे सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, "साईं, इसीलिए तो ऑटो होता है. और पतरे के नीचे बैठके आपने ख़ुद सुना था ना भाभी को? तब कैसा लगा?" मी फोन ठेवला. दुकानदार आहे, बोलण्यात कोण हरवणार त्याला.

ग्रुपवर पुण्याच्या त्या माणसालाही लिहिलं. त्यानं अंगठा पाठवला.

शुक्रवार, २५ एप्रिल

माफी मागितली. नीट मागितली, पाणी भरून झाल्यावर, टीव्ही बंद करून. ती म्हणाली, ठीक आहे. मी म्हटलं, ठीक आहे म्हणजे काय? म्हणाली, ठीक आहे म्हणजे ठीक आहे.

मग मीच विचारलं की तुलाही खरं वाटलंच होतं ना, मग तू तरी का नाही म्हणालीस मशीन चुकतंय? म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणून खरं वाटलं. पंधरा वर्षं तुमच्याच कानानं गायले मी. तुम्ही मान हलवलीत की पुढे जायचं, नाही हलवलीत की पुन्हा म्हणायचं. मला माझा वेगळा कान कुठाय?"

हे ऐकून खरं तर अभिमान वाटायला हवा होता. घशात काहीतरी अडकलं, आणि यावेळी सॉल्व्हंटला दोष देता येईना.

रविवार, ४ मे

किसनदादा आणि ठमाबाई तिला समजवायला आले. पायलही आली. तिनंच पाया पडून सांगितलं की ताई, पुढे तुम्हीच बसा, माझ्यानं होत नाही. वृंदा आधी नाही म्हणाली. किसनदादा म्हणाले, बाई, पौर्णिमेला आपली शेवटची जागा आहे. लोक तुझ्यासाठी थांबतील.

"मी गाईन," ती म्हणाली. "पण हे नकोत. मिक्सरवर नकोत, समोर नकोत, मैदानातही नकोत. हे कुठेही असले तरी मी त्यांची मान बघते."

हे ती माझ्यासमोर, पार्टीसमोर म्हणाली. मी मार्चमध्ये जिथे खुर्च्या मांडल्या होत्या तिथेच. मी किसनदादांकडे बघितलं. यावेळी ते माझ्याकडे बघत नव्हते.

पंधरा वर्षं पार्टीचा कान. पार्टीचं नाव माझं. मी म्हणालो, "बरं." मग उठून बाहेर गेलो आणि बिल्डिंगच्या फाटकापाशी नुसता उभा राहिलो. राग इतका होता की कोणावर आहे तेच कळेना.

शनिवार, १० मे

मिक्सरवर मुकेश बसणार. त्याला मी कोणाचा आवाज कुठे ठेवायचा ते समजावून सांगायला गेलो, तो हो हो म्हणाला, काही लिहून घेतलं नाही. वृंदा रोज समाजमंदिरात रियाजाला जाते. घरी गात नाही. मी एकदा म्हटलं की मी बाहेर जाऊन बसतो, तू घरी म्हण. म्हणाली, तिथे बरं वाटतं.

सोमवार, १२ मे, बुद्ध पौर्णिमा

सकाळी विहारात बरोबर गेलो. पांढरे कपडे, मेणबत्त्या, वंदना. तिथे ती माझ्या शेजारी उभी होती, त्याला तिची हरकत नव्हती. दुपारी तिनं खीर केली आणि माझ्या रात्रीच्या जेवणासाठी झाकून ठेवली. संध्याकाळी तिला न्यायला पार्टीची गाडी आली. ठमाबाईंनी गाडीतून मला हात केला, मग हात मागे घेतला.

मैदान आमच्या घरापासून फार लांब नाही. गॅलरीचं दार उघडलं की भोंग्यांचा आवाज येतो. मी दार लावून डॅक सुरू केला, माझी सीडी लावली. पहिलं कडवं पुरं ऐकवलं नाही. बंद केली.

गॅलरीत खुर्ची घेऊन बसलो. एकेक पार्टी होत होती. वाऱ्यानं शब्द तुटत होते, भोंगे फाटत होते, रस्त्यावरच्या गाड्या मधे येत होत्या. मग निवेदकानं शेवटच्या पार्टीचं नाव पुकारलं. 'वृंदाताई आणि पार्टी' म्हणाला. त्यांनी नाव बदललं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं.

ढोलकी सुरू झाली आणि मागून तिचा आवाज. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. काळी चार. मी खुर्चीच्या कडेला येऊन बसलो. दुसऱ्या कडव्याला ती वर जाते, तिथे जरा घाई केली तर सूर पातळ होतो. पूर्वी तिथे मी मान हलवून तिला थांबवायचो. ती त्या जागेपाशी आली तेव्हा माझी मान आपोआप हलली, गॅलरीत, एकट्याची. ती थांबली नाही. तिनं तो सूर तिच्या वेळेला घेतला, माझ्या नाही. आणि तो सुंदर होता. माझ्या सीडीवर त्या तोडीचा एकही सूर नाही, हे मला आज दिसलं असं नाही, आधीपासून माहीत असावं.

एक गोष्ट लिहायची नव्हती. तिनं सूर घेतला तेव्हा मी श्वास धरून होतो, आणि ती चुकावी म्हणून धरून होतो. ती चुकली नाही तेव्हा मला वाईट वाटलं.

टाळ्या खूप वेळ चालल्या. 'वन्स मोर' झाला. तिनं पुन्हा म्हटलं. मी आत येऊन बसलो.

जिन्यात मंडळींचा हसण्याचा आवाज आला, दाराशी येऊन थांबला. ती एकटीच आत आली. गळ्यात हार होता, तो काढून बाबासाहेबांच्या फोटोला घातला. माझ्याकडे न बघता विचारलं, "जेवलात का?" मी हो म्हटलं. तिनं झाकण उचललं. खीर तशीच होती. ती झाकून फ्रिजमध्ये ठेवली आणि साडी बदलायला गेली.